टांगता पलंग: झोपाळ्यावर रात्रभर झोपायचं असेल तर काय काय करावं लागतं

झोपाळ्यावर पाठ टेकली की डोळा लागतो, पण तासाभरात खांदा अवघडतो. झोपाळा मुळात बसण्यासाठी केलेला असतो. दीड-दोन फूट रुंदी, वर पातळशी गादी, आणि पाय लांब केले की कडीला लागतात. मग उठून पलंगावर जायचं आणि तिथे कूस बदलत पडायचं. या दोन्हींचा मेळ घालता येतो. पूर्ण मापाचा, नवारीने विणलेला, वर पिंजलेल्या कापसाची गादी टाकलेला पलंग चार साखळ्यांनी छताला टांगायचा. मी पुण्यात फ्लॅटमध्ये असा पलंग करून घेतला आहे आणि रोज त्यावरच झोपतो. करून घेताना सुतार, फॅब्रिकेटर (लोखंडकाम करणारा), गादीवाले आणि सोसायटी या चौघांपैकी प्रत्येकाला आपल्यापुरतंच माहीत असतं, सगळं एका जागी सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. पैसे आधी छताला बसवायच्या, पलंग ज्यांना टांगतो त्या आकड्यांवर खर्च करायचे, मग साखळीवर, मग लाकडावर आणि सगळ्यात शेवटी गादीवर. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. सुंदर कोरीव चौकट आणतात आणि आकडे मात्र इलेक्ट्रिशियनकडून ड्रिल मारून बसवून घेतात.

झुलण्याने झोप येते हे आपल्याला पाळण्यापासून माहीत आहे, पण ते मोजूनही पाहिलं गेलं आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली १२ पुरुषांना दुपारी ४५ मिनिटं झोपवून पाहिलं, एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा हळू झुलणाऱ्या पलंगावर. झुलत्या पलंगावर ते लवकर गाढ झोपेकडे गेले. २०१९ साली तिथल्याच गटाने १८ तरुणांवर रात्रभराचा प्रयोग केला. तेव्हाही झोप लवकर लागली आणि गाढ झोपेचा वाटा वाढला. त्यांच्या पलंगाचा एक झोका चार सेकंदांचा होता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे साखळीची लांबी ठरवताना तो लागणार आहे.

हा पलंग कुणी करू नये

ज्यांना चक्कर येण्याचा त्रास आहे, घाटात गाडी लागते, गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं आहे, त्यांनी रोजच्या झोपेसाठी हा पलंग करू नये. उठताना तो मागे सरकतो आणि तोल जातो. तान्ह्या बाळाला यावर एकटं झोपवू नका, गादी मऊ आणि कडा मोकळ्या असतात. बाळासाठी पाळणाच बरा. दोघांनी झोपायचं असेल तर एकाने कूस बदलली की दुसऱ्याला झोका बसतो, हेही आधीच समजून घ्या. काहींना ते आवडतं, काहींची झोपमोड होते. माझं मत विचाराल तर हा एका माणसाचा ऐसपैस पलंग आहे, सव्वासहा फूट लांब आणि चार फूट रुंद.

कागदपत्रं

- इमारतीच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगची प्रत. सोसायटीच्या कार्यालयात किंवा बिल्डरकडे मिळते. यात बीम कुठून जातात आणि स्लॅब किती जाडीचा आहे ते दिसतं.
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत: कुठे, कोणत्या पद्धतीने आणि किती वजन टांगायचं.
- सोसायटीला दिलेला अर्ज आणि त्यांचं परवानगीपत्र.
- भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी संमती.
- साखळी, शॅकल (साखळी जोडायची, पिन लावून बंद होणारी कडी) आणि अँकर (काँक्रीटमध्ये पक्का बसणारा बोल्ट) यांची बिलं, ज्यांवर माप आणि सुरक्षित वजन लिहिलेलं असेल.

सामान आणि हत्यारं

- ८ मि.मी. जाडीची, प्रत्येक कडी वेल्ड केलेली साखळी, चार तुकडे
- चार बेअरिंगचे आकडे (झोपाळ्याचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात)
- आठ डी शॅकल, पिन बांधायला तार
- ४० × ४० मि.मी. चौकोनी लोखंडी पाइप, चौकटीच्या रुंदीपेक्षा चार इंच लांब, दोन नग, आणि त्यांच्या टोकांना रबरी टोप्या
- चौकटीसाठी ४ × २ इंची सागवान
- सुती नवार
- ओळंबा (उभी रेष पाहायला), पाणसळ (सपाटी पाहायला), गुण्या (काटकोन पाहायला), मोजपट्टी, खडू

पुण्यात साखळी आणि शॅकल रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील, लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये. मुंबईकरांना साखळीसाठी नागदेवी स्ट्रीट. शिडी आणि ड्रिल कारागीर घेऊन येतात, ते विकत घेऊ नका.

१. छत ओळखा

सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई नको.

आधी वजनाचा हिशेब. सागवानी चौकट वीसेक किलो, पाइप आणि साखळ्या वीस किलो, कापसाची गादी पंधरा-सोळा किलो, उशा, गोधडी, नवार धरून सगळं मिळून सत्तर किलोच्या आसपास जातं. त्यावर दोन माणसांचे दीडशे किलो आणि अचानक उडी मारून चढलेल्या एका मुलाचे तीस. म्हणजे अडीचशे किलो. हे चार आकड्यांवर सारखं वाटलं जाईल असं धरू नका. साखळ्यांच्या लांबीत किंचित फरक पडला तरी तिरक्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या कोपऱ्यांतल्या दोनच साखळ्या ताणलेल्या राहतात आणि बाकीच्या दोन नुसत्या लोंबतात. म्हणजे एका आकड्यावर सव्वाशे किलो. कुणी धपकन बसलं तर त्याच्या दुप्पट. त्यावर आणखी दुप्पट राखीव धरून मी प्रत्येक आकडा पाचशे किलो पेलेल असाच करून घेतला. तुमचा इंजिनिअर यापेक्षा जास्त सांगेल तर त्याचं ऐका, कमी सांगेल तर पाचशेच धरा.

आता छताचे प्रकार.

जुन्या वाड्यात किंवा कोकणातल्या घरात लाकडी तुळया असतील तर तुम्ही नशीबवान आहात. तुळईला भोक पाडू नका. लोहाराकडून तिच्या मापाचा जाड पट्टा वाकवून घ्या, तो तुळईवरून घाला आणि आकडा खाली पट्ट्याला लावा. त्याआधी वाळवी पाहा. लाकडावर हातोडीने हलके ठोके मारत जा. आवाज पोकळ आला, किंवा पटाशीचं टोक सहज आत गेलं, तर ती तुळई नको. तुळईची टोकं भिंतीत शिरतात तिथे खास पाहा, पावसाचं पाणी मुरून लाकूड कुजतं ते तिथेच.

फ्लॅटमध्ये वर सिमेंट काँक्रीटचा स्लॅब असतो, साधारण साडेचार-पाच इंच जाडीचा, आणि त्याला धरून बीम असतात. टांगायचं ते बीमच्या आधाराने. स्लॅबच्या पोटात खालून ड्रिल मारून फास्टनर ठोकायचा, ही सर्वांत जास्त केली जाणारी चूक. तिथे वजन फास्टनरला सरळ खाली, भोकातून बाहेर ओढत असतं, आणि रोजच्या झोक्यांनी तो हळूहळू सैल होतो. प्लास्टिकच्या गिट्टीचा तर विचारही करू नका.

छताचं प्लास्टर कुठे फुगलं असेल, तांबूस डाग असतील, सळई उघडी पडली असेल, तर आतलं लोखंड गंजलं आहे. अशा छताला पंखाही काळजीने लावावा, पलंग नाहीच. काही नव्या इमारतींत पोस्ट-टेन्शन स्लॅब असतात, म्हणजे आत ताणून ठेवलेल्या तारा असतात. त्या ड्रिलने तुटल्या तर धोका फार मोठा. स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागायचं एक कारण हे आहे. फॉल्स सीलिंग असेल तर ते उघडून वरचं छत पाहिल्याशिवाय काही ठरवू नका.

यातलं काहीच जमत नसेल, किंवा घर भाड्याचं असेल, तर लोखंडी स्टँड करता येतो. तो जमिनीवर उभा राहतो आणि छताला हात लावावा लागत नाही. ज्या दिशेने झोका जातो त्या दिशेला पायांची रुंदी किमान सहा-सात फूट हवी आणि कोपऱ्यांना तिरपे आधार हवेत, नाहीतर पलंगाबरोबर स्टँडही झुलायला लागतो. खोली मोठी लागते, एवढीच अडचण.

२. परवानगी घ्या, तोंडी नको

तुमचं छत ही वरच्या घराची जमीन असते. तुम्ही टांगलेलं वजन इमारतीच्या सामाईक ढाच्यावर येतं, म्हणून तो फक्त तुमच्या चार भिंतींतला प्रश्न राहत नाही. सोसायटीचे चेअरमन बहुधा घाबरून नाही म्हणतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर कोसळणारं छत येतं. त्यांच्याकडे वजनाचा हिशेब घेऊन जा. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वापराचा भार धरून बांधलेली असते. आपला पलंग सव्वादोन-अडीच चौरस मीटरचा आणि भरलेलं वजन अडीचशे किलो, म्हणजे चौरस मीटरला शंभर-एकशे दहा. एकूण वजन अवाजवी नाही. ते चार बिंदूंवर एकवटतं ही खरी अडचण आहे, आणि ते बीमवर कसं वाटून द्यायचं हे इंजिनिअरच्या पत्रात लिहिलेलं असतं. पत्र अर्जाला जोडा. वरच्या मजल्यावरच्यांनाही एकदा भेटून या. ड्रिल चालू होईल तेव्हा त्यांना आवाज जाणारच आहे.

मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तुमची इमारत त्या वयाची असेल तर आधी तो अहवाल मागून वाचा. दुरुस्ती सुचवलेली असेल आणि ती झाली नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत थांबा.

३. साखळीची लांबी ठरवा

झोक्याला किती वेळ लागतो हे फक्त साखळीच्या लांबीवर ठरतं. झोपणारा माणूस जाड असो की बारीक, त्याने फरक पडत नाही. साखळी साडेसहा फुटांची असेल तर एक झोका, जाऊन परत येईपर्यंत, २.८ सेकंदांचा. आठ फुटांची असेल तर ३.१, दहा फुटांची असेल तर ३.५. जिनिव्हाच्या चार सेकंदांसाठी तेरा फुटांची साखळी लागते. जुन्या वाड्यांच्या उंच माजघरातला झोपाळा का इतका संथ वाटायचा ते यावरून कळतं.

फ्लॅटमध्ये बीमखालची उंची आठ-साडेआठ फूट असते, म्हणजे साखळी साडेसहा-सात फूट. झोका तीन सेकंदांच्या थोडा आतच राहणार. तरीही झोप छान लागते, फक्त झोका लहान ठेवायचा. पलंग दोन्हीकडे चार-सहा इंचच हलला पाहिजे. छताची उंची वाढवता येत नाही, पण शक्य तेवढी लांब साखळी मिळावी म्हणून पलंग थोडा खाली ठेवता येतो. गादीचा वरचा भाग जमिनीपासून अठरा इंचांवर ठेवा. त्याहून खाली गेलात तर उठताना गुडघ्यांवर जोर येतो.

जागा ठरवताना जमिनीवर खडूने पलंगाचं माप आखा. झोक्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट मोकळं सोडा. मग वर बघा: पंखा. साखळ्या छतापर्यंत जातात आणि पंख्याची पाती त्यांच्या मधून फिरत असतील, तर झोक्यात साखळी पात्याला लागू शकते. पंखा हलवा किंवा भिंतीवरचा लावा, पण हे आकडे बसवण्याआधी. उत्तरेला डोकं नको असं घरातल्या मोठ्यांचं म्हणणं असेल तर तेही आत्ताच विचारा. एकदा आकडे बसले की पलंग फिरवता येत नाही.

४. चार साखळ्या सरळ, की दोन-दोन एकत्र?

जुन्या झोपाळ्यांत पुष्कळदा एका बाजूच्या दोन्ही कड्या वर जाऊन एकाच आकड्यात अडकवलेल्या असतात. असा झोपाळा झुलताना फळीही त्या बाजूला कलते, त्यामुळे अंगाला आडवा धक्का अजिबात जाणवत नाही. सुख म्हणाल तर हेच. पण कडेवर बसलं की पूर्ण फळी त्या बाजूला झुकते. चार फूट रुंद पलंगावरून रात्री पाणी प्यायला उठताना हे धोक्याचं आहे.

म्हणून पलंगासाठी चार वेगळे आकडे घ्या आणि रुंदीच्या दिशेला साखळ्या ओळंब्यात सरळ ठेवा. पलंग सपाटच राहतो. आडवा धक्का येतो, पण झोका लहान असेल तर तो नगण्य असतो. लांबीच्या दिशेला मात्र वरचे आकडे पलंगापेक्षा दोन्हीकडे पाच-सहा इंच बाहेर घ्या, म्हणजे साखळ्या वर जाताना किंचित फाकतील. त्याने डोक्या-पायाच्या दिशेचं हेलकावणं थोडं कमी होतं आणि पलंग पाळण्यासारखा मुख्यतः आडवा झुलतो. हा बारकावा सुतार किंवा फॅब्रिकेटर आपणहून करत नाहीत, कागदावर आखून हातात द्या.

५. आकडे बसवा

घर बांधत असाल तर सर्वांत सोपं. बीम ओतण्याआधी १६ मि.मी. सळईचे आकडे वाकवून बीमच्या खालच्या सळ्यांना अडकवून ठेवायला सांगा आणि काँक्रीट पडेल त्या दिवशी स्वतः हजर राहा. आकडे गडबडीत हलतात, आणि मग चारही कोपरे गुण्यात येत नाहीत.

बांधलेल्या फ्लॅटमध्ये इंजिनिअरने सुचवलेली आणि मी केलेली पद्धत अशी. समोरासमोरच्या दोन बीमच्या बाजूंना ब्रॅकेट लावायचे, त्यांवर दोन लोखंडी चॅनेल (इंग्रजी सी अक्षरासारख्या आकाराचे लांब दांडे) आडवे टाकायचे आणि आकडे चॅनेलला वेल्ड करायचे. यात बोल्ट बीमच्या बाजूला आडवे जातात. वजन त्यांना भोकातून बाहेर ओढत नाही, त्यांच्यावर नुसतं टेकतं. बोल्ट केमिकल अँकरचे घ्या, म्हणजे भोकात रासायनिक मसाला भरून बसवायचे. भोक मारल्यावर आतली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण साफ करायची असते. धूळ राहिली तर केमिकल काँक्रीटला धरत नाही. कारागीर फुंकर मारून पुढे जात असेल तर थांबवा. मसाला घट्ट होईपर्यंत डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, त्याआधी नट आवळायचे नाहीत. ड्रिल करताना सळई लागली तर ती कापायची नाही, भोक बाजूला घ्यायचं.

चॅनेल उघडे दिसतात म्हणून नाक मुरडू नका. लाकडी पट्ट्यांनी झाकले की जुन्या घरातल्या तुळयांसारखे दिसतात.

साखळी विकत घेताना एकेक कडी पाहा. नुसती वाकवून टोकं जुळवलेली, वेल्ड न केलेली साखळी स्वस्त असते आणि वजनाखाली उघडते. इंग्रजी एस अक्षरासारखा उघडा आकडा कुठेही वापरू नका. डी शॅकल लावा आणि पिन फिरून सुटू नये म्हणून तिला तारेने बांधा. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्यावं, खाऱ्या हवेत साधं लोखंड फार लवकर खातं.

पितळी कड्यांचा मोह सगळ्यांना होतो. गुजरातेतून येणाऱ्या, हत्ती-मोर घातलेल्या कड्या देखण्याच असतात. त्या भरीव आहेत का हे वजनावरून ओळखा. पोकळ नळीवर पितळेचा मुलामा असलेल्या कड्यांवर पलंग टांगू नका. भरीव मिळाल्या नाहीत तर पोलादी साखळी लावून तिच्यावर सुती कापडाची पिशवी शिवा. हातालाही मऊ लागते.

६. चौकट आणि नवार

लाकूड जुनं, वाळलेलं सागवान. पाडलेल्या वाड्यांचं सागवान टिंबर मार्केटमध्ये मिळतं, ते पुन्हा वाकत नाही. खिळे काढलेले आहेत का ते मात्र बघा, नाहीतर रंध्याचं पातं जातं. प्लायवूड किंवा ब्लॉकबोर्ड नको, झोक्याने स्क्रू सैल होतात.

साखळी लाकडात स्क्रू पिळून अडकवायची नाही. डोक्याच्या आणि पायाच्या आडव्या पट्टीखाली एकेक चौकोनी पाइप द्या, तो दोन्हीकडे दोन इंच बाहेर काढा आणि त्या टोकांना वेल्ड केलेल्या गोल कड्यांत शॅकल घाला. सगळं वजन लोखंडाने लोखंडावर तोललं जातं, लाकूड फक्त वर बसतं. ते कधी तडकलं तरी माणूस खाली येत नाही. बाहेर आलेल्या टोकांना रबरी टोप्या घाला, अंधारात नडगीला लागतात.

चौकटीत फळी न टाकता नवार विणा. फळीवर कापसाची गादी खालून दमट होते, विशेषतः पावसाळ्यात, आणि दोन श्रावण गेले की वास मारू लागते. नवारीतून हवा खेळते. शिवाय ती अंगाच्या आकाराने किंचित दबते, म्हणून खांदा आणि कंबर टोचत नाहीत. विणताना नवार दोन्ही दिशांनी गच्च ओढायची. पहिल्या महिन्यात ती सैल पडणारच, तेव्हा पुन्हा ताणून घ्या. ताण इतका असतो की बारीक पट्ट्यांची चौकट आत वाकते, म्हणून ४ × २ इंचांपेक्षा कमी लाकूड घेऊ नका आणि चारही कोपऱ्यांना खाच पाडून केलेले सांधे मागा. नवार विणणारा मिळत नसेल तर दोन-दोन इंच फट ठेवून लाकडी पट्ट्या ठोका. नवारीचं सुख त्यात नाही, पण हवा खेळते.

७. वजन टाकून परीक्षा घ्या

हा टप्पा कुणीही गाळू नये.

साखळीला तात्पुरता जोडतुकडा लावून पलंग जमिनीपासून चार-सहा इंचांवर आणा. खाली जुन्या गाद्या पसरा. मग सिमेंटच्या पोत्या एकेक करून ठेवत जा. एक पोतं ५० किलोचं. इंजिनिअरने परवानगी दिली असेल तितक्या ठेवा. माझ्याकडे दहा पोत्यांपर्यंत नेलं होतं. पोत्या ठेवताना कुणीही चौकटीखाली हात घालू नये. चोवीस तास तसंच राहू द्या. आधी चारही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. साखळी आणि नवार थोडी बसतात, तेवढं चालतं. पण बीमजवळ नवी केसासारखी भेग दिसली, ब्रॅकेट आणि भिंत यांच्यात फट पडली, किंवा एकच कोपरा खाली गेला, तर काम थांबवून इंजिनिअरला बोलवा.

सगळं ठीक असेल तर पोत्या उतरवा, जोडतुकडा काढा, पाणसळ लावून चारही साखळ्या सारख्या करा आणि साखळी हाताने हलवून पाहा. एखादी ढिली लागली तर तिची लांबी जुळवा.

८. गादी, उशी, गोधडी

स्प्रिंगची गादी इथे चालत नाही. ती जड असते, आणि तिची स्वतःची उसळी झोक्यात मिसळली की पोटात ढवळतं. फोम एप्रिल-मे महिन्यांत तापतो. कापूसच घ्या, चार इंच जाडीचा.

गादी कारखान्यात जाल तेव्हा कापूस समोर पिंजून भरायला सांगा. पांढऱ्या नव्या कापसाच्या नावाखाली चिंध्या दळून केलेला कापूस भरला जातो. मुठीत घेऊन पाहा. रंगीत धागे दिसले, धूळ उडाली किंवा दाबल्यावर तो गोळाच राहिला, तर तो नको. खोळ जाड, घट्ट विणीची हवी आणि टाके जवळजवळ, नाहीतर सहा महिन्यांत कापूस कडेला सरकून मध्ये खड्डा पडतो. दोन-तीन वर्षांनी गादी उसवून पुन्हा पिंजून घ्यायची. रस्त्याने जाणारे पिंजारी आता विरळ झाले, पण शहरांत कारखाने आहेत आणि गावात अजून कुणीतरी सापडतं.

उशीत सावरीचा कापूस भरा. तो इतका हलका असतो की मान त्यात अलगद बसते, आणि ओलही फारशी धरत नाही. उन्हाळ्यात बोंडं फुटतात तेव्हा कोकणातून मागवा. सावरी यंत्रावर पिंजायची नसते, तिचा भुगा होतो. बिया काढून हाताने मोकळी करून तशीच भरायची. उशी धुवायची नाही, अभ्रा धुवायचा आणि उशीला ऊन दाखवायचं. सावरी भुरकन पेटते, तेवढं मात्र सांभाळा: टांगत्या पलंगावर उदबत्ती, मच्छर अगरबत्ती काहीही नको.

मच्छरांसाठी चार साखळ्या आहेतच. मच्छरदाणीचे चार बंद त्यांना बांधा, खालच्या कडा गादीखाली खोचा. पलंगाबरोबर दाणीही झुलते आणि कुठे ताण येत नाही.

थंडीत टांगत्या पलंगाला खालूनही गार हवा लागते. हे कुणी सांगत नाही. पांघरूण वर कितीही घेतलं तरी पाठ गार पडते. त्या दिवसांत जुन्या सुती लुगड्यांची गोधडी गादीच्या खाली, नवारीवर पसरा. उन्हाळा सुरू झाला की काढून टाका.

९. दोरी आणि अडसर

झोका आपोआप पाच-सात मिनिटांत थांबत येतो. बहुतेक वेळा तोवर झोप लागलेली असते. नसेल लागली तर पाळण्याला असते तशी दोरी हवी. समोरच्या भिंतीत एक छोटी कडी बसवा, तिला सुती दोरी बांधा आणि दुसरं टोक हाताशी राहील असं ठेवा. पडल्यापडल्या हलकेच ओढली की झोका पुन्हा सुरू. दोरी पलंगाला बांधू नका आणि तिला फास ठेवू नका, झोपेत हाताला किंवा गळ्याला गुंडाळली जाऊ शकते. टोकाला एक लाकडी मणी पुरे. लहान मुलं घरात असतील तर वापर झाला की दोरी वर अडकवून ठेवा.

दुसरी सोय पलंग थांबवण्याची. भिंतीकडच्या पाइपच्या कडीतून एक छोटी साखळी भिंतीतल्या हुकाला लावता आली पाहिजे. अंथरूण घालताना, आजारपणात, पाहुणे आले असताना, आणि वयस्कर माणूस उठबस करणार असेल तेव्हा ती लावायची. मुलांना पलंगाखाली खेळू देऊ नका. भरलेला पलंग हळू हलत असला तरी त्याच्यात आणि भिंतीत डोकं सापडलं तर इजा मोठी होते.

पहिले काही दिवस अर्धा तास दुपारी झोपून पाहा. शरीराला सवय झाली की रात्रीची झोप तिथे घ्या. पहिल्याच रात्री मोठे झोके घेऊन झोपलात तर सकाळी जमीन हलल्यासारखी वाटते, आणि लोक तिथेच हा नाद सोडतात.

१०. देखभाल

झोक्याच्या प्रत्येक फेरीत आकडा आणि पहिली कडी एकमेकांवर घासतात. साखळी झिजते ती तिथेच. दर महिन्याला शिडी लावून त्या चार जागा पाहा आणि ग्रीस लावा. करकर आवाज यायला लागला की ग्रीस संपलं असं समजा. कडीची जाडी तिच्या मूळ मापाच्या दहाव्या भागाने कमी झालेली दिसली तर ती साखळी बदला, वेल्ड मारून चालवू नका. बेअरिंगचे आकडे खडखडायला लागले की तेही बदलायचे.

पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत असं वर्षातून दोनदा सगळे नट-बोल्ट, शॅकलच्या पिना, चॅनेलचे वेल्ड आणि बीमभोवतीचं प्लास्टर तपासा. त्याच वेळी गादीला दोन दिवस कडक ऊन द्या आणि नवार ओढून घ्या.

घर बदलायचं झालं तर चौकट, पाइप आणि साखळ्या सोबत येतात. चॅनेल कापून काढायचे असतील तर आधी सोसायटीला कळवा. नव्या घरात मात्र पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू करायचं: नवं ड्रॉइंग, नवं पत्र, नवी पोत्यांची परीक्षा. जुन्या साखळ्यांची लांबी नव्या छताला पुरत नसेल तर तुकडा जोडू नका, पूर्ण साखळी नवी घ्या.